जुलाबाची गोळी आणि हृदय

आपल्याकडे परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत मेतकुटाइतकीच हमखास असते ती जुलाब थांबवणारी गोळी. त्या लोपेरामाइडचा इतिहास अलीकडे वाचला, आणि वाटले, हा लिहून ठेवावा.

१९६९ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या कंपनीत हे औषध तयार झाले. घराणे अफूचेच! अफूने पोट बांधते हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. या गोळीची खुबी अशी की ती आतड्यावर काम करते, पण मेंदूच्या उंबरठ्यावरचे एक प्रथिन तिला पहारेकऱ्यासारखे परत लोटते. म्हणून झिंग नाही. अमेरिकेने १९७६ मध्ये मंजुरी दिली, १९७७ मध्ये संशयाने नियंत्रित यादीत घातले, १९८२ मध्ये बाहेर काढले. १९८८ पासून गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. सगळी चौकशी मेंदूची झाली. हृदयाचे कोणाच्या फारसे मनात आले नसावे.

पुढे तिकडे अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाची साथ आली. ती गोळी सुटली की उलट्या, जुलाब, घाम, अंग मोडून येणे. काहींना शोध लागला की लोपेरामाइड भरमसाट घेतले तर पहारेकरी हरतो आणि हा त्रास निभावतो. स्वतःच्या मनाने घ्यायची मर्यादा दिवसाला चार गोळ्या, म्हणजे ८ मिलिग्रॅम. हे लोक पन्नास-पन्नास, शंभर-शंभर घेत. यांना नुसते नशेबाज म्हणणे मला पटत नाही. त्यांतले कितीतरी जण व्यसनातून सुटायलाच धडपडत होते.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, तेव्हा त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. एवढ्या मात्रेत हे औषध ती वाटच अडवते. ठोक्यांची लय बिघडते, माणूस चक्कर येऊन पडतो, कधी उठतच नाही. लघवीच्या नेहमीच्या व्यसन-तपासणीत हे औषध दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरही चकतात.

जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला. १९७६ ते २०१५ या काळात गंभीर हृदयविकाराच्या ४८ नोंदी, त्यांत १० मृत्यू. निम्म्याहून अधिक नोंदी २०१० नंतरच्या. (नोंद न झालेले वेगळेच.) तोवर दुकानांत दोनदोनशे गोळ्यांच्या बाटल्या स्वस्तात मिळत. २०१९ मध्ये नवे वेष्टन मंजूर झाले: एका खोक्यात फार तर ४८ मिलिग्रॅम, आणि प्रत्येक गोळी वेगळी दाबून काढायची.