गुप्त ग्राहक
दुकान, बँक, उपाहारगृह इ. ठिकाणी सामान्य गिऱ्हाईक म्हणून जाऊन तेथील सेवेचा अहवाल देणारी नियुक्त व्यक्ती. अमेरिकेत १८५५ च्या सुमारास पिंकर्टन संस्थेचे हेर उतारू बनून रेल्वे-कंडक्टरांचा प्रामाणिकपणा तपाशीत; या व्यवसायाचे मूळ तेथे दिसते. पुढे चोरीपेक्षा सौजन्य पारखण्यावर भर आला. मोबदला बहुधा अल्पच असतो.

या कामाच्या नावाखाली ठकबाजीही चालते. उमेदवाराला मोठ्या रकमेचा धनादेश येतो. आपले वेतन ठेवून बाकीची रक्कम पाठवावी आणि पैसे पाठविण्याच्या त्या सेवेचीच पारख करावी, असे त्यास सांगतात. १९८७ च्या अमेरिकी कायद्यान्वये धनादेशाची रक्कम बँकेला ठराविक मुदतीत उपलब्ध करून द्यावी लागते. तो खोटा असल्याचे मात्र कित्येकदा काही आठवड्यांनी उघड होते. तोवर पाठविलेले पैसे हातचे गेलेले असतात व भरपाई सामान्यतः खातेदारालाच करावी लागते.