कोकम प्रक्रिया उद्योग
कोकम प्रक्रिया उद्योग हा कोकणातील शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट चालवीत असलेला लघुउद्योग आहे. कोकमाची फळे (रातांबे) प्रामुख्याने एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. सालींना फळाच्याच रसाची पुटे देऊन त्या उन्हात वाळवल्या की आमसूल तयार होते. मीठ घातलेल्या रसास आगळ, तर सालींपासून साखरेत केलेल्या पाकास अमृत कोकम म्हणतात. बियांपासून निघणारे मुठेल भेगाळलेल्या टाचांना लावतात.

उशिरा पिकलेली फळे पावसात सापडल्यास वाळवण अडते व माल कुजतो. घरगुती उत्पादकाचे खरे नुकसान येथेच होते. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली, लवकर पिकणारी 'कोकण अमृता' ही जात महत्त्वाची ठरते. केंद्र शासनाच्या २०२० मधील सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगास पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद होती.