ई-मेल रोधसूची

अवांछित जाहिरातवजा व फसवी पत्रे (स्पॅम) पाठविणाऱ्या संगणकांच्या आयपी पत्त्यांची यादी. पत्र घेणारा सर्व्हर तीत प्रेषकाचा पत्ता शोधतो व आढळल्यास पत्र नाकारतो.

मे १९७८ मध्ये अमेरिकेतील आर्पानेट या संगणकजालावरील सु. ४०० जणांना डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थुअर्क यांनी संगणकांची जाहिरात एकाच वेळी धाडली. तो अशा पत्रांचा पहिला ज्ञात नमुना मानतात. ई-मेल वहनाचे १९८२ मधील नियम परस्परविश्वासावर आधारलेले होते. पुष्कळ सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे पोहोचवीत. जाहिरातदारांनी या सौजन्याचा गैरफायदा घेतला. त्यावर उपाय म्हणून पॉल व्हिक्सी व डेव्ह रँड यांनी १९९७ मध्ये ‘मॅप्स’ ही रोधसूची चालू केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडन येथे ‘स्पॅमहाउस’ स्थापन केली.

सूचीतील शोध डीएनएस या नामपत्ता यंत्रणेमार्फत होतो. पत्त्यातील चार अंक उलट क्रमाने मांडून त्यांना सूचीचे नाव जोडतात, उदा., १९२.०.२.९९ साठी ९९.२.०.१९२. उत्तर (बहुधा १२७.०.०.२) आल्यास पत्ता सूचीत आहे, असे समजतात.

येथे पत्राच्या मजकुराचा नव्हे, तर पत्त्याच्या लौकिकाचा निवाडा होतो. म्हणून निर्दोष व्यक्तीसही झळ पोहोचते. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यातही दरपत्रके, आराखडे व मागणीपत्रे ई-मेलने जाऊ लागली. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यास स्वतंत्र सर्व्हर परवडत नाही. अशा वेळी सामाईक सर्व्हरवरील एका ग्राहकाच्या गैरवर्तनामुळे पत्ता सूचीत गेल्यास सर्वांचीच पत्रे अडतात, आणि दरपत्रक मुदतीत न पोहोचल्यास काम हातचे जाते.

सूचीकर्त्यांस कायद्याने दिलेला अधिकार नसतो. सूची मानणे सर्व्हरचालकाच्या इच्छेवर असते. मात्र त्याने दुर्लक्ष केल्यास अनर्थ ओढवतो. डिसेंबर २००६ मध्ये बंद पडलेल्या ‘ओआरडीबी’ या सूचीने मार्च २००८ पासून प्रत्येक पत्ता दोषी ठरविण्यास आरंभ केला. त्यामुळे ती सूची जोडणीत तशीच ठेवणाऱ्या सर्व्हरांनी सर्वच पत्रे नाकारली. यास्तव सूचींची वेळोवेळी तपासणी करणे, नित्याच्या ग्राहकांची व पुरवठादारांची स्वीकारसूची ठेवणे आणि नकार पत्र घेण्यापूर्वीच, कारणासह कळविणे इष्ट होय. असा नकार प्रेषकास समजतो व तो दुसरा मार्ग शोधू शकतो; गुपचूप टाकून दिलेले पत्र मात्र उभयपक्षी हरवते.