चाकण औद्योगिक पट्टा

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, पुणे–नाशिक महामार्गालगत पसरलेला वाहन उद्योगाचा पट्टा. एकेकाळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला संग्रामदुर्ग. आज बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने. पिंपरी-चिंचवडमध्ये १९६० नंतर तयार झालेले कुशल कामगार आणि सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक हे त्याचे खरे भांडवल. असे जाळे दुसरीकडे उभे करायला दशके लागतात. शेजारच्या तळेगावला २०२० मध्ये जनरल मोटर्सचे उत्पादन थांबले, पण पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

धोका मात्र याच जाळ्याच्या पोटात आहे. विजेवरच्या गाडीला पिस्टन लागत नाही, सायलेन्सरही नाही. चार सीएनसी यंत्रांवर एवढाच एक भाग बनवणाऱ्या वर्कशॉपने करायचे काय? साणंद, होसूर, श्रीपेरुंबुदूर स्पर्धेत आहेतच. तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातकडे वळला (तिथेही तो उभा राहिला नाही, ही गोष्ट वेगळी). रोजची डोकेदुखी चाकणच्या तळेगाव चौकातली : पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर एकमेकांत अडकून पडतात.