साइडपट्टीवरील बससेवा

महामार्गावर वाहतूक तुंबलेली असताना सार्वजनिक बसला कडेच्या पक्क्या साइडपट्टीवरून पुढे जाऊ देण्याची व्यवस्था. एरवी ही पट्टी बंद पडलेल्या गाड्या, रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन दल यांच्यासाठी मोकळी ठेवलेली असते. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ 520 क्रमांकाच्या राज्यमार्गावर असा वापर आधीपासून होत होता. पण नियम, प्रशिक्षण आणि विस्तार या तिन्ही बाबतींत ही पद्धत नावारूपाला आली ती मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस व सेंट पॉल या जोडशहरांत. तेथे ती 1991 मध्ये सुरू झाली आणि पुढे सुमारे 300 मैल, म्हणजे 480 किलोमीटरच्या आसपास, साइडपट्ट्या बससाठी खुल्या झाल्या. देशातील इतर शहरांनी नियम घालून घेतले तेही बहुतेक येथूनच.

पुण्यातील बीआरटीसारखी स्वतंत्र मार्गिका येथे बांधली जात नाही. डांबर किंवा काँक्रीट आधीच पडलेले असते. काम उरते ते पट्टी बसचे वजन पेलेल इतकी भक्कम करण्याचे, रेषा आखण्याचे आणि फलक लावण्याचे. म्हणूनच एखाद्या मार्गावर ही सोय काही महिन्यांत होऊ शकते, तर नव्या मार्गिकेला भूसंपादनापासून वर्षे जातात.

नियम. मिनेसोटाच्या कायद्याने घातलेल्या मर्यादा थोडक्या आहेत. शेजारच्या मार्गिकांचा वेग ताशी 35 मैलांच्या (56 किमी) खाली आला, तरच बसने साइडपट्टीवर यायचे. तेथेही तिने ताशी 35 मैल ओलांडायचे नाहीत आणि शेजारच्या वाहतुकीपेक्षा 15 मैलांहून (24 किमी) अधिक वेग घ्यायचा नाही. गाड्या ताशी 16 किमीने सरकत असतील, तर बसला 40 मिळतात. त्या 40 ने चालल्या, तर बसला 64 मिळत नाहीत, 56 वरच थांबावे लागते. महामार्गावर येणाऱ्या, उतरणाऱ्या किंवा साइडपट्टीवर थांबलेल्या वाहनाला वाट देणे बसवर बंधनकारक आहे. पट्टीवर जायचे की नाही, हे चालक ठरवतो. अंधार, पाऊस, बर्फ किंवा नुसती शंका एवढे कारणही त्याला पुरते, आणि वेळापत्रक सांभाळण्यासाठी त्याने पट्टीवर गेलेच पाहिजे अशी सक्ती नसते. या पद्धतीचे सगळे यश या संथपणात आणि चालकावरच्या विश्वासात आहे. बसला भरधाव जाण्याची मुभा दिली असती, तर पहिल्याच मोठ्या अपघाताने ती बंद पडली असती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत नोंदले गेलेले अपघात बहुतांश आरसे घासण्यासारखे किरकोळ होते.

रस्ता. बसचे धूड साधारण 8.5 फूट रुंद असते. दोन्ही बाजूंचे आरसे धरले की ते त्याहून बरेच वाढते. जोडशहरांत साइडपट्टीची किमान रुंदी 10 फूट धरली आहे. पुलावर मात्र 11.5 फूट, कारण तेथे एका हाताला कठडा आणि दुसऱ्या हाताला गाड्यांची रांग असते. दोन्हीकडे वीतभर अंतर राखत बस सरळ नेणे हे चालकाच्या कौशल्याचे काम आहे. पट्टीवरच्या पावसाळी गटारांच्या जाळ्या रस्त्याच्या पातळीत आणाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक जाळीवर बस आदळते. डुलकी लागलेल्या चालकाला जागे करण्यासाठी कोरलेल्या रम्बल स्ट्रिप नेमक्या चाकांखाली येतात. त्या हलवाव्या किंवा बुजवाव्या लागतात. मिनेसोटात बर्फ ही आणखी एक अडचण. नांगर आधी मुख्य मार्गिका साफ करतात, आणि बाजूला सारलेला बर्फ साइडपट्टीवरच येऊन पडतो.

अवघड जागा म्हणजे रॅम्प. उजव्या साइडपट्टीवरून जाणाऱ्या बसला प्रत्येक चढत्या-उतरत्या रस्त्याचे तोंड ओलांडावे लागते. तेथे ती वेग कमी करते, कधी मुख्य मार्गिकेत परतते. दोन मार्गिकांचा रॅम्प असेल, तर प्रश्न आणखी बिकट. शिकागोत म्हणून डावी, म्हणजे दुभाजकालगतची, पट्टी निवडली गेली. तेथे रॅम्प आडवे येत नाहीत, पण आत शिरताना आणि बाहेर पडताना बसला सगळ्या मार्गिका कापाव्या लागतात. मध्ये थांबा न घेता दूरवर जाणाऱ्या बसलाच हा सौदा परवडतो.

परिणाम. वाचणारी मिनिटे कोंडीवर अवलंबून असतात. रस्ता मोकळा असेल, त्या दिवशी काहीच वाचत नाही. खरा लाभ वेळ पाळण्याचा आहे. शिकागोच्या उपनगरी बससेवेने, पेसने, 55 क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर नोव्हेंबर 2011 मध्ये हा प्रयोग सुरू केला. त्यापूर्वी त्या मार्गावरच्या सुमारे 68 टक्के फेऱ्या वेळेवर पोचत. नंतर हे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे गेले आणि प्रवासीही वाढले. कामावर वेळेत पोचायचे असलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे वाचण्यापेक्षा बस ठरल्या वेळी येण्याची खात्री मोलाची वाटते. त्यामुळे अर्धा तास आधी घर सोडण्याची गरज उरत नाही. घड्याळात दिसते त्याहून अधिक वेळ वाचल्यासारखे प्रवाशांना वाटते, असेही जोडशहरांत आढळले आहे. थांबलेल्या मोटारींच्या शेजारून बस पुढे सरकते, हे त्या मोटारींत बसलेल्यांनाही रोज दिसते. बससेवेची याहून चांगली जाहिरात करता येणार नाही.

चालकाला यंत्राची जोड देण्याचा प्रयत्नही जोडशहरांतच झाला. मिनेसोटा विद्यापीठाने तयार केलेली प्रणाली 2010 च्या सुमारास सीडर अ‍ॅव्हेन्यूवर धावणाऱ्या मिनेसोटा व्हॅली या परिवहन संस्थेच्या बसमध्ये बसवली गेली. अचूक उपग्रह-स्थाननिश्चितीच्या आधारे पट्टीच्या कडा चालकासमोरच्या पारदर्शक पडद्यावर दिसतात. बस कडेला झुकू लागली, तर त्या बाजूची आसनाची कड थरथरते आणि सुकाणूचक्रही हलकेच मागे ओढते. हिमवर्षावात रेषा दिसेनाशा होतात, तेव्हा तिचा खरा उपयोग.

मर्यादा. पट्टीवर एखादी मोटार बंद पडली, की बस पुन्हा रांगेत. अपघातस्थळी पोचणाऱ्या रुग्णवाहिकेची वाट अडू नये म्हणून प्रत्येक बस बिनतारी संपर्कात असणे आवश्यक ठरते. शहराच्या पोटातील जुन्या महामार्गांना, जेथे मार्गिका वाढवण्यासाठी साइडपट्टी आधीच गिळली गेली आहे, ही सोय करताच येत नाही. शिवाय बस महामार्ग सोडून शहराच्या रस्त्यावर उतरली, की कमावलेला वेळ सिग्नलवर जातो. मिनियापोलिसने यावर डिसेंबर 2009 मध्ये उपाय केला: शहराच्या मध्यभागी मार्क्वेट आणि सेकंड या दोन अ‍ॅव्हेन्यूंवर बससाठी दुहेरी मार्गिका आखल्या, म्हणजे थांब्यावर उभ्या बसला मागची बस ओलांडू शकते. 35डब्ल्यू महामार्गावर तर साइडपट्टी ही पहिली पायरीच ठरली. 2009 मध्ये तेथील डाव्या पट्टीचा काही भाग गर्दीच्या वेळी बस, एकाहून अधिक प्रवासी असलेल्या मोटारी आणि शुल्क भरणारे एकटे चालक यांना खुला झाला. पुढे तो महामार्गच नव्याने बांधण्यात आला आणि 4 डिसेंबर 2021 रोजी त्यावरून ऑरेंज लाइन ही जलद बससेवा सुरू झाली.