परक्या कोर्टाने नाकारलेला संसार

मैत्रिणींनो, लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झाली की "तुमचे लग्न खरे कशावरून?" असे आपल्याला कोणी विचारत नाही. 1913 साली दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या बायकांना मात्र तिथल्या कायद्याने हेच विचारले.

हिंदुस्थानातून आलेल्या एका मुस्लिम स्त्रीला नवऱ्याजवळ राहण्यासाठी देशात घ्यायला तिथल्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. न्यायमूर्ती सर्ल यांनी मार्चमध्ये निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न इथे मानले जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. निकाह असो की सप्तपदी, दोन्ही एका फटक्यात बिनमोल ठरली. बायको कायद्याने बायको राहिली नाही आणि मुलांचा वारसाहक्कही धोक्यात आला.

मग बायका घराबाहेर पडल्या. सप्टेंबरमध्ये कस्तुरबांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. नाताळमध्ये करार संपलेल्या मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता आणि तो बायकांनाही चुकत नव्हता. त्याविरुद्ध न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतल्या मजुरांनी संप केला. तुरुंगातून आजारी होऊन सुटलेली वल्लीअम्मा फेब्रुवारी 1914 मध्ये वारली. वय अवघे सोळा!

आता सरकारचे पाहा. या लोकांचे सरकार हिंदुस्थानात होते आणि तेही परक्यांचे. तरी आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला स्वस्थ बसू दिले नाही. 1910 साली त्यांनी कायदेमंडळात नाताळला करारी मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला आणि 1911 मध्ये ती भरती बंद झाली. 1912 साली ते स्वतः आफ्रिकेत जाऊन आले. पुढच्या वर्षी संप पेटल्यावर प्रकृती साथ देत नसतानाही ते पैसा आणि पाठिंबा गोळा करत राहिले. शेवटी नोव्हेंबर 1913 मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींची बाजू उघडपणे घेतली आणि चौकशीची मागणी केली. लंडनला ते रुचले नाही, पण चौकशी आयोग नेमला गेला. 1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली.

सगळे प्रश्न काही सुटले नाहीत. पण यातून मला एक गोष्ट पक्की कळते. माणूस समुद्र ओलांडतो, तेव्हा त्याच्या सरकारची जबाबदारी किनाऱ्यावर संपत नाही. मात्र ती सरकारला आपणहून आठवत नाही. तिकडे कोणीतरी तुरुंगात जावे लागते आणि इकडे कोणीतरी सभागृहात उभे राहून विचारावे लागते.

तेव्हाचे सरकार आपण निवडलेले नव्हते. आजचे आहे. आखाती देशात धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या बहिणीचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला, तर तिच्यासाठी विचारणे आता आपल्याकडे आले.