शेवटच्या हातातला स्कॅनर

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं आणि बारकोड दुकानात रुजू झाला. रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पोचायला त्याला आणखी वीसेक वर्षं लागली. तिथे त्याला नेण्याची कल्पना सुचली ती एका नर्सला.

सू किनिक कॅन्सस राज्यातल्या टोपीका इथे, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करत होत्या. १९९२ साली भाड्याची गाडी परत करताना तिथला माणूस हातातल्या यंत्राने बारकोड वाचतो, हे त्यांनी पाहिलं. गाड्यांचा हिशेब असा चोख राहतो, तर औषधांचा का नाही?

हा प्रश्न नर्सलाच पडावा याला कारण आहे. डॉक्टर औषध लिहितात, फार्मसी ते काढून देते, नर्स ते पेशंटला देते. डॉक्टरांची चूक फार्मसीत सापडू शकते, फार्मसीची नर्सला. नर्सच्या मागे मात्र कुणी नसतं. गोळी पोटात गेली की गेली.

टोपीकात तयार झालेली पद्धत सोपी होती. आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषध. पेशंट, औषध, मात्रा, वेळ किंवा देण्याचा मार्ग यातलं काही जुळलं नाही, तर कॉम्प्युटर इशारा देणार. नव्वदचं दशक संपता संपता ही पद्धत माजी सैनिकांच्या इतर रुग्णालयांत पसरू लागली. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रिस्क्रिप्शनच्या बहुतेक औषधांवर बारकोड सक्तीचा केला.

२००८ साली रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांतला प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा पद्धतीला वळसा घालण्याचे १५ प्रकार सापडले. काही ठिकाणी पेशंटच्या बारकोडच्या जादा प्रती दाराच्या चौकटीला, ट्रॉलीला चिकटवलेल्या किंवा नर्सच्या कमरेच्या कडीत अडकवलेल्या होत्या. अशा वेळी स्क्रीन ‘बरोबर’ म्हणते, पण तिने माणूस नव्हे, कागद तपासलेला असतो.

यामागची ३१ कारणंही त्यांनी नोंदवली: भिजलेले पट्टे, चुरगळलेली लेबलं, संपणाऱ्या बॅटऱ्या, मध्येच जाणारं वायफाय. नर्सचा आळस म्हणून हे सोडून देणं सोपं होतं. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी ही ३१ कारणं म्हणजे आयती बग लिस्ट आहे, तीही ज्यांना औषध वेळेवर द्यायचंच आहे त्यांनी बनवलेली.

पद्धत नीट बसवली तर फरक पडतो. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या अभ्यासात, वेळेच्या चुका वगळता, औषध देण्यातल्या चुकांचं प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. चुका संपल्या नाहीत, पण बऱ्याच कमी झाल्या.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. औषध कुणी बनवलं, मुदत कधी संपते, हे तो सांगतो. ते कुणाला द्यायचं, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय स्ट्रिप कापून दोन गोळ्या वेगळ्या काढल्या, की त्यांच्यासोबत कोड असेलच असं नाही. त्या दोन गोळ्या घेऊन खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सला काय लागतं, हे आधी तिलाच विचारायला हवं.